तरंगणारं लिव्हर

६ फेब्रुवारी

बोटुकली आली. रोहूची, बोटाएवढी. पिशव्यांत वाटेत अकरा मेली, बाकीची धडधाकट. बारा टाक्या, प्रत्येकीत वीस. नऊ जास्तीची निघाली ती बादलीत ठेवली. बबनमामांनी त्यांना लगेच 'राखीव पोलीस' नाव दिलं.

हे तिसरं एक्स्टेन्शन. जूनअखेर प्रबंध गेला नाही तर विद्यापीठ नाव कापणार, आणि पीएच.डी. नाही तर मी तासिका तत्त्वावरच म्हातारी होणार. अडतीस पूर्ण झाली. मागच्या खेपेला पंप बंद पडून सगळे मासे मेले तेव्हा गाईड सर "नशीब" एवढंच म्हणाले होते. या वेळी नशिबावर काही सोडायचं नाही.

१० फेब्रुवारी

दिवस पहिला. साठ मोजायचे.

अ च्या तीन टाक्या: साधं खाद्य, बोअरचं चांगलं पाणी. ब: तेल आणि मैदा घातलेलं खाद्य, पाणी चांगलं. क: साधं खाद्य, पाण्यात निम्मी नदी. ड: दोन्ही वाईट. नदीचं पाणी आणणारा टेम्पोवाला नाकाला रुमाल बांधून आला होता, "मॅडम, हे मुद्दाम आणायचं?" म्हणत होता.

माझं म्हणणं साधं आहे. वाईट खाणं मासा सोसतो. वाईट पाणीही सोसतो. दोन्ही एकदम आलं की लिव्हर हात टेकतं. हे दाखवायला अ टाक्यांतले मासे ठणठणीत राहायला हवेत, कारण बाकी सगळ्यांची तुलना त्यांच्याशी. अ बिघडलं तर उरलेल्या आकड्यांना काही अर्थ नाही.

खाद्याच्या पुड्या वजन करून मी बांधते, किराणा दुकानात हळदी-मिरचीच्या बांधतात तशा. नऊला एक, चारला एक. रविवारी मामा घालतात. ते याच गावचे, घर कॉलेजच्या मागेच, टाक्यांच्या शेडची दुसरी किल्ली त्यांच्याकडे. बत्तीस वर्षं लॅब अटेंडंट. रजिस्टरमध्ये वेळ लिहून पुढे 'दिले' असं ठसठशीत लिहितात. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एमआयडीसीचा गुरुवार, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज घालवायचा वार. दहाला लाईट गेली ती पाऊणला आली. हवेचे पंप बंद. मी वर्गावर होते, धावत खाली आले तर मामा तांब्याने टाकीतलं पाणी उपसून उंचावरून परत त्याच टाकीत ओतताहेत. या टाकीपासून त्या टाकीपाशी. अडीच तास. सदरा छातीपर्यंत ओला. "हवा मिसळाय पायजे ना पान्यात," म्हणाले. बारा टाक्यांतला एकही मासा गेला नाही. बादलीतले राखीव पोलीस तेवढे गेले, तिकडे त्यांचा हात पोचला नाही.

इन्व्हर्टरचा अर्ज नोव्हेंबरपासून ऑफिसात आहे.

मामांना चहा पाजला. तुमच्या जिवावर माझी पीएच.डी. होणार असं म्हटलं, तर लाजले.

१४ फेब्रुवारी

मामांच्या योगेशला कावीळ. सत्तावीस वर्षांचा. चाकणला गाड्यांच्या पार्टची एक कंपनी आहे, तिथे पेंट शॉपला कंत्राटावर आहे. बारा तासांची शिफ्ट. डोळे हळदीसारखे झालेत म्हणे. मामांनी त्याच्या गळ्यात कावीळ उतरायची माळ बांधून आणली आणि काविळीचं गावठी औषधही पाजलं. मी चिडले. आधी रक्त तपासा म्हटलं. "व्हय मॅडम," म्हणाले, आणि मान अशी हलवली की माणूस ऐकतोय पण करणार त्याच्याच मनाचं हे कळावं.

२४ फेब्रुवारी

दुसरं वजन. अ पुढे! ब पेक्षासुद्धा पुढे. अंगावर चकाकी, पोटं भरलेली, मी जवळ गेले की सगळे एकदम वर येतात. ड टाकीतले कोपऱ्यात, हवेच्या दगडाजवळ, ढिम्म.

सर चक्क खुश. "कंट्रोल असा पाहिजे," म्हणाले. परत येताना डांगे चौकात उतरून एकटीने मिसळ खाल्ली. नवऱ्याला सांगितलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा वाटलं की जमतंय.

(पुरवणी: अ इतकं पुढे का, हा प्रश्न मला आजच पडायला हवा होता. १२/३)

३ मार्च

योगेशला पिंपरीत ॲडमिट केलं. बिलिरुबिन भलतंच. डॉक्टरांनी पहिला प्रश्न दारूचा विचारला, तो मामांच्या जिव्हारी लागलाय. "आमच्या घरात थेंब न्हाई मॅडम. पोरगं गणपतीच्या मिरवणुकीत सुद्धा पीत न्हाई."

मी विचारलं, तिथे नेमकं काय काम? स्प्रेच्या गन थिनरने धुतो. मास्क आहे, पण उकडतं म्हणून गळ्यात. जेवण कँटीनचं, शिफ्ट सुटली की वडापाव. लग्न ठरायचंय म्हणून घरी आई वेगळं तूप-साखर खाऊ घालते. दोन वर्षांत सोळा किलो वाढला. मागच्या वर्षी कंपनीच्या तपासणीत लिव्हरवर चरबी निघाली होती. कागद घरी आला आणि देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात गेला.

ऐकताना माझ्या मनात काय आलं? ड टाकी. वाईट खाणं अधिक वाईट पाणी. माणूस समोर रडकुंडीला आलाय आणि मी त्याच्या पोराला टाकीत बसवतेय. लाज वाटली, पण आलं ते आलं.

१२ मार्च

तीस दिवस पूर्ण. प्रत्येक टाकीतून तीन मासे काढले. लवंगेच्या तेलाच्या पाण्यात गुंगी दिली, लॅबभर दंतवैद्याचा वास. रोहूचं लिव्हर आतड्यांत गुंतलेलं असतं, चिमट्याने सोडवता सोडवता मान मोडते.

ब: फिकट. अपेक्षित.
क: गडद, डागाळलेलं. अपेक्षित.
ड: पिवळं, बोट लावलं की विरघळणारं. अपेक्षित.
अ: पिवळं.

अ पिवळं. लोण्यासारखं. नऊच्या नऊ मासे. चांगलं लिव्हर फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकलं की तळाला जातं. अ चं वर आलं आणि तरंगत राहिलं. मी बाटली हलवली, परत वर. मामा शेजारीच उभे होते, ट्रे धरून. "हे चांगलं का वाईट, मॅडम?" मी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

१३ मार्च

लाईट नव्हती. मामांनी परत तांब्याने निभावलं.

सर भडकले. "तुझ्या पुड्या बदलल्या असणार." मलाही तसंच वाटतंय. ब ची पुडी अ ला? महिनाभर, तिन्ही टाक्यांत? मी इतकी बावळट नाही. की आहे? उरलेल्या सगळ्या पुड्या उघडून हुंगल्या. अ च्या पुडीला तेलाचा वास नाही.

मग वजन वाढलं कशाने?

१६ मार्च, रविवार

कळलं.

न सांगता सकाळी पावणेसातला गेले. शेडचं दार लोटलेलं. मामा अ-१ पाशी अनवाणी उभे, हातात स्टीलचा डबा. डब्यात कणकेच्या गोळ्या, बोरीच्या बीएवढ्या. एक एक टाकतायत आणि ओठ हलतायत. मासे वेड्यासारखे वर येऊन खातायत. तिथून अ-२, तिथून अ-३.

मी दारातच "मामा" म्हटलं. डबा पडला नाही हे नवल.

एका जोशीबुवांनी सांगितलंय. एक्केचाळीस दिवस रोज सूर्य वर यायच्या आत-बाहेर माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या, पोराची पीडा उतरेल. खंड पडता कामा नये. आणि माशांनी त्या खाल्ल्या पाहिजेत, न खाल्ल्या तर उपयोग नाही.

"मग नदीवर का नाही गेलात?"

"गेल्तो की. नदीला फेस हाय, मासा कुठं हाय? गोळ्या तशाच तरंगत गेल्या. मग हितं आलो. दाराजवळच्या टाकीत टाकल्या." दाराजवळची म्हणजे ड. "त्यांनी तोंड लावलं न्हाई. मनात चर्र झालं बगा. मग ह्या टाकीत टाकल्या, तर ह्यांनी चटाचटा खाल्ल्या. आनि त्याच दिशी योगेशनं दोन घास खाल्ले."

"किती दिवस झाले?"

"आज एकोणतिसावा."

"काय घालता कणकेत?"

"गूळ. आनि तूप. बाई म्हनली, हात आखडायचा न्हाई, पोराचं काम हाय."

मग मी बोलले. फार बोलले. माझी चार वर्षं तुम्ही तुपात तळली म्हणाले. अडाणी म्हणाले. बत्तीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाला. मामांनी हात जोडले. "मला वाटलं, चार घास जास्ती खाल्लं तर जोमानं वाढतील, तुमाला बी बरं. तुमीच खुश हुता की." ते खरं होतं म्हणून मी आणखी चिडले. किल्ली काढून घेतली आणि निघून आले.

बसमध्ये आठवत राहिलं की रजिस्टरमध्ये त्यांनी एकही खोटी नोंद केलेली नाही. पुडी दिली तिथे 'दिले' लिहिलं. कणकेचा रकानाच नव्हता.

१७ मार्च

सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "अजून चोवीस दिवस आहेत. कणीक बंद कर. पाणी चांगलं आहे, साठाव्या दिवसापर्यंत लिव्हर ताळ्यावर येईल. तिसाव्या दिवशी अ चं सॅम्पल घेतलंच नाही असं धर. रजिस्टर आपलंच आहे."

मी म्हटलं, "सर, पण..."

"पण म्हणायची वेळ गेली. जून आठव."

मी हो म्हणाले. लगेच म्हणाले, विचारसुद्धा केला नाही. हे इथे तरी लिहून ठेवते.

संध्याकाळी शेडमध्ये: खिडकीखालच्या फरशीवर कणकेच्या दोन गोळ्या. खिडकीच्या जाळीला पीठ. खिडकीच्या खाली अ-३.

१८ मार्च

आजही जाळीला पीठ. मामा दिवसभर माझ्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या तासाला न सांगता खडू आणून ठेवले, बाटल्या धुतल्या.  योगेशचं विचारायचं तोंडावर आलं होतं, ते तसंच गिळलं.

१९ मार्च

मामांची बायको गेटवर. हिला मी पहिल्यांदाच पाहिलं. नऊवारी, हातात तोच डबा. योगेश काल रात्रीपासून बरळतोय, आईला ओळखत नाही.

"मॅडम, तुमी शिकलेल्या. माजं येड्यावानी हाय, मला कळतंय. पर आता बत्तीस झालं. नऊ ऱ्हायलं. तुमचं मासं मी पैशानं भरून दीन."

मला सांगायचं होतं की मावशी, कणकेने लिव्हर बरं होत नाही, उलट तुमच्या कणकेने माझ्या साठ माशांची लिव्हरं... काय सांगणार होते मी? या बाईने पोराला तूप घातलं आणि माशांना तूप घातलं. तिच्याकडे तेवढंच होतं द्यायला.

मामांना बोलावलं. "एकच टाकी. अ-३. जाळीतून नको, दारातून या." किल्ली परत दिली.

"एक टाकी पुरं," मामा म्हणाले. वाकले तेव्हा मी पाय मागे घेतले. वडिलांच्या वयाचा माणूस.

हिशोब असा मांडला: अ-१ आणि अ-२ ताळ्यावर येतील, तेवढ्यावर सरांचं काम होईल. अ-३ गेलेलीच समजायची. दोन्हीकडे भलं. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं थोडा वेळ.

२२ मार्च

योगेश आयसीयूत. डॉक्टर म्हणाले, औषधाने उचल खाल्ली तर खाल्ली, नाहीतर दुसरं लिव्हर बसवावं लागेल. मामा स्वतःचं द्यायला निघाले, तर वय जास्त. आईच्या सोनोग्राफीत तिच्याच लिव्हरवर चरबी. मामांनी हे सांगितलं आणि अ-३ कडे बघत राहिले.

मग विचारलं, "मॅडम, माशाचं लिव्हर पुन्हा चांगलं व्हतं का?"

"होतं. खाणं बदललं, पाणी चांगलं मिळालं, तर होतं. वेळ लागतो."

"मानसाचं?"

"माणसाचं पण होतं, मामा." हे खरं आहे. किती उशीर झाल्यावर होत नाही, ते नाही सांगितलं.

दोघांनाही हॉस्पिटल सोडता येत नाही. उद्यापासून गोळ्या मी घालायच्या. मीच म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

२३ मार्च

साडेपाचला उठून कणीक मळली. प्रशांत, माझा नवरा, कंपनीतून रात्रपाळी करून आला, परातीकडे बघून म्हणाला, "पीएच.डी.चं प्रॅक्टिकल का?" सांगितलं तर हसला नाही. त्याच्या लाईनवर पण एकाचे डोळे पिवळे झालेत म्हणाला, आणि न जेवता झोपला.

तूप घातलं नाही. मुद्दाम. निदान मासे तरी.

सातला मामांचा फोन. "खाल्लं का, मॅडम?" खाल्लं. "तूप घातलं ना?"

हो म्हणाले.

२४ मार्च

आज तूप घातलं. कालची थाप दिवसभर टोचत होती. सरांपुढे चार वर्षांच्या आकड्यांशी खोटं बोलायला तयार होणारी मी, चमचाभर तुपावरून झोप घालवते. मला माझंच कळत नाही.

अ-३ मधले सतरा आता मला ओळखतात. सुस्त झालेत, वर यायला वेळ लावतात, पण खातात. अ-१, अ-२ हलके झालेत, पाणी कापत पळतात. नुसत्या डोळ्यांना फरक दिसतो.

२६ मार्च

एकोणचाळिसावा. खाल्लं. मामांना कळवलं. योगेश तसाच. कंपनीच्या कंत्राटदाराकडे मामांचा भाचा जाऊन आला. तिथे म्हणाले, दीड महिना कामावर नाही, म्हणजे आमचा माणूस नाही.

उद्या गुरुवार. बारावीच्या पेपरतपासणीमुळे आमच्याकडे स्टाफ नाही, मला दहा ते एक परीक्षेचं सुपरव्हिजन लावलंय. ऑफिसात सांगून ठेवलंय, लाईट गेली तर मला बोलवा.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी सातला मामांचा फोन, आवाज वेगळाच. "बिलिरुबिन उतरलंय, मॅडम! दीड महिन्यात पयल्यांदा. त्यानं आईला हाक मारली. खाल्लं का?" खाल्लं, मामा. "उंद्या शेवटचा."

मला खरंच आनंद झाला. एवढा की कणकेच्या हातानेच अ-३ च्या काचेवर टिचकी मारली.

दहा वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. वर्गात पंखे थांबले तेव्हाच कळलं. बाहेर कोणी नाही. मोबाईल नियमाप्रमाणे ऑफिसात जमा. पन्नास मुलं पेपर लिहितायत, वर्ग सोडता येत नाही. दारातून जाणाऱ्या एका शिपायाला म्हटलं, शेडमध्ये जा, तांब्याने पाणी ओत. तो हो म्हणाला. त्याला ते काय कळणार, मामा कुठे होते?

एकला पळत गेले. ड संपूर्ण गेली. ब मधले थोडे, क मधले बरेच. अ-१, अ-२: तोंडं वर काढून धापा टाकतायत, पण सगळे जिवंत, चौतीसच्या चौतीस.

अ-३: सतराच्या सतरा मेलेले. पोटं वर.

तेच पाणी, तोच पंप, तीच वेळ. फरक फक्त कणीक आणि तूप. चरबी भरलेलं लिव्हर साध्या दिवशी निभावून नेतं, ताण आला की पहिल्यांदा तेच जातं. माझं म्हणणं माझ्यासमोर सिद्ध होऊन तरंगत होतं. इतका स्वच्छ निकाल चार वर्षांत मिळाला नव्हता.

सतराही कापले. सतराही पिवळे. रडत होते आणि वजनं लिहीत होते.

उद्या सातला फोन येणार.

२८ मार्च

एक्केचाळिसावा दिवस.

पाचलाच उठले. कणीक, गूळ, तूप. गोळ्या लहानमोठ्या झाल्या. प्रशांत म्हणाला, "सांग की खाल्लं म्हणून. त्यांना कुठे दिसतंय." बरोबर होतं त्याचं. बसमध्ये मीही तेच ठरवलं होतं.

शेडमध्ये अ-३ रिकामी, तळाला थोडं पाणी. डबा हातात घेऊन उभी राहिले. सातला फोन.

"मॅडम, खाल्लं का?"

खाल्लं, हा शब्द येईना. सरांना मात्र चटकन हो म्हणून गेले होते.

"एक मिनिट थांबा, मामा."

फोन कानाला तसाच धरून अ-१ पाशी गेले. अकरा-बारा दिवसांत ताळ्यावर आलेले मासे. माझे साधे, माझे ठणठणीत, माझा कंट्रोल, माझा जून. गोळी टाकली. क्षणभर काही नाही. मग एक वर आला, मग सगळेच. विसरले नव्हते. चटाचटा आवाज.

"ऐकू येतंय का?" मी फोन पाण्याजवळ धरला.

"येतंय," मामा म्हणाले. "येतंय, येतंय."  बाजूला त्यांची बायको विचारत होती, काय झालं ओ, काय झालं. अख्खा डबा रिकामा होईस्तोवर मी फोन तसाच धरून ठेवला.

अ-३ चं सांगितलं नाही.

नंतर रजिस्टर उघडलं. 'अ-१. स. ७.०५. कणीक, गूळ, तूप. दिले.' खाली सही. मग मागे गेले. १६ फेब्रुवारीपासून एक एक दिवस, तिन्ही टाक्या, मग एकच टाकी, बाजूला नवा रकाना आखून. बबन मामांनी दिले, बबन मामांनी दिले, मी दिले. २३ मार्चपुढे 'तुपाशिवाय' असंही लिहिलं. तिसाव्या दिवसाचं सॅम्पल चिकटवलं, पिवळी नऊ. कालची सतरा. दोन तास लागले. शेवटी शेवटी माझं अक्षर मामांसारखं होत गेलं.

रजिस्टर सरांच्या टेबलावर ठेवून आले. याचा प्रबंध होतो की नाही, मला माहीत नाही. खरं आहे एवढं माहीत आहे. भीती वाटतेय, प्रचंड.

संध्याकाळी हॉस्पिटलला जायचं होतं. धीर झाला नाही. उद्या जाईन.

२९ मार्च

मोबाईल रात्री सायलेंटवर राहिला. आत्ता सव्वासहाला बघितला.

सरांचे चार मिस्ड कॉल, काल रात्री नऊनंतरचे. मेसेज एकच: 'भेट.' पुढे काही नाही.

मामांचा एक. रोज सातच्या ठोक्याला करणारा माणूस. आजचा पाच बेचाळीसचा आहे.

दिवस तर मोजून संपले होते. मग आज फोन कशाला? योगेश उठून बसला, पेज प्यायला, हे सांगायला पण माणूस पहाटे फोन करतो. करतोच की. मामा तर करतीलच.

सवयीने परात काढून ठेवली होती, ती परत आत ठेवली. गॅसवर चहा टाकलाय. उकळला की आधी मामांना लावते.